शंभर टनी चिमणी

ता. ४ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र बाजूला टाकशील आणि वहिनी ते उचलून पुन्हा तुझ्या हातात देतील, हे धरूनच लिहितो आहे. कंबर कशी आहे? जिना चढता येतो का? इकडे सगळे ठीक. माझी साखर थोडी वाढली आहे आणि त्यामुळे बायकोचं बोलणंही.

मोठी बातमी म्हणजे खाणीत नवे डंपर आले. शंभर टनी! आपले पस्तीस टनी बावीस जुने डंपर एकेक करून निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी नऊ नवे उभे राहिले. चाकच माणसापेक्षा उंच. वर चढायला जिना. केबिनमधल्या पडद्यावर चारही बाजू दिसतात, मागे कोण उभं आहे हे बघायला मान मोडून घ्यावी लागत नाही. उतारावर गाडी आपला वेग आपणच धरून ठेवते. केबिनमध्ये कोळशाची धूळ नाही. पाळी संपवून लोक घरी जातात तेव्हा बायका ओळखतात त्यांना!

वर्कशॉपचा फोरमन तुला आठवत असेल, ज्याला आपण ‘नाही होणार’ म्हणायचो. तोच आता गाडीला लॅपटॉप जोडतो, चष्मा नाकावर ओढतो आणि सांगतो, “हिला परवा ताप येणार.” आणि दादा, परवा येतो! पूर्वी गाडी रस्त्यात बसली की आपल्याला कळायचं. आता ती बसायच्या आधीच हा औषध घेऊन हजर.

खरेदीच्या समितीत मीही होतो. विक्रीचा माणूस पांढराशुभ्र शर्ट घालून आला आणि इंजिनाचं कौतुक सुरू केलं. मी म्हटलं, “साहेब, आधी आमच्या जुन्या गाडीतून एक फेरी मारून येऊ.” परत येऊन उतरला तेव्हा त्याचा एक हात कमरेवर होता. “रोज आठ तास?” एवढंच विचारलं बिचाऱ्याने. मग मी अट घातली, सीट हवेवर तोललेली हवी, आणि आमचे चार ऑपरेटर आठवडाभर बसून ‘हो’ म्हणतील तेव्हाच गाडी घ्यायची. मोठे साहेब वैतागले. “सीटसाठी एवढा का भांडतोस?” म्हणाले. मी हटलो नाही.

नव्या गाड्यांमुळे कुणालाही घरी बसवलं नाही, हे आधी सांगायला हवं होतं. सगळ्यांना शिकवलं. एका खोलीत खोटी केबिन बसवली आहे, समोर भिंतभर पडदा. पहिल्या दिवशी पन्नाशीतले पट्टीचे ड्रायव्हर पडद्यावरच्या खड्ड्यात गाड्या घालत होते. हौसेने मीही घातली. परीक्षेत पहिला नंबर कुणाचा आला ते जरा वेळाने सांगतो.

हवा इकडे अजून बरी आहे. तुमच्याकडे उकाडा सुरू झाला असेल.

दादा, मी तरी किती वेळ टाळणार? बस जरा. पहिला नंबर आपल्या चिमणीचा आला. तुला वाटतं तशी तुझी लेक इथे स्टोअरमध्ये बोल्ट मोजत नाही. आठ महिने ती प्रशिक्षणात होती आणि गेले पंधरा दिवस शंभर टनी डंपर चालवते आहे. वायरलेसवरही सगळे तिला चिमणीच म्हणतात. “चिमणी, भरून ये” असं कुणी म्हटलं की नवखा माणूस आकाशात बघतो.

‘या घरातलं कुणी पुन्हा त्या सीटवर बसणार नाही,’ असं तू म्हणाला होतास, म्हणून तिने सांगितलं नाही. वहिनींना माहीत आहे. त्यांच्यावर चिडू नकोस, माझ्यावर चीड. मला सवय आहे.

मीही आधी तिला नाहीच म्हटलं होतं. ती म्हणाली, “काका, बाबांची कंबर गाडीने मोडली की तुम्ही?”

मी तिच्या अर्जावर सही केली. त्या प्रश्नाचं उत्तर आज देतो.

चौदा नंबरच्या गाडीच्या सीटची स्प्रिंग तुटली आहे, असं तू रजिस्टरमध्ये लिहिलं होतंस. शिफ्ट इनचार्ज मी. दोन गाड्या आधीच वर्कशॉपमध्ये, महिन्याचा कोळसा कमी पडत होता. मी खाली लिहिलं, ‘गाडी चालवण्यास योग्य.’ त्यानंतर एकवीस दिवस तू ती चालवलीस, आणि बाविसाव्या दिवशी तुला स्ट्रेचरवरून उतरवलं. चौकशीत मी सांगितलं की तक्रार आलीच नव्हती. ते पान मीच फाडलं होतं. तुला हे सगळं ठाऊक आहे, पण माझ्या तोंडून तू कधी ऐकलं नाहीस.

रविवारी, पंधरा तारखेला, घरच्या माणसांना खाण दाखवणार आहेत. चालकाच्या शेजारी आणखी एक सीट असते. चिमणीने ती तुझ्यासाठी मागून घेतली आहे. मला भेटू नकोस हवं तर. तिची गाडी बघायला ये.

तुझा, अजून तरी,
धाकटा

—

ता. १७ मार्च

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद. हे दोन शब्द लिहायला मला नऊ वर्षं आणि दोन दिवस लागले.

रविवारी आम्ही दोघं आलो होतो. खरं सांगतो, पोरीला हाताला धरून घरी आणायचं ठरवूनच निघालो होतो. तुझी वहिनी बसमध्ये अख्ख्या वाटेत माझी बाही धरून बसली होती, म्हणजे बघ. फाटकावर हेल्मेट आणि बूट दिले. तेवढ्यात ते धूड समोर येऊन थांबलं. जमीन हलली म्हण ना. आणि त्यातून आपली मूठभर चिमणी जिन्याकडे तोंड करून, दोन्ही कठडे धरून, अगदी शिस्तीत उतरली.

मी तोंड उघडणार, तर म्हणाली, “बाबा, रागवायचं ते वर बसून रागवा. खाली आवाज पोचत नाही.”

वर बसलो. सवयीने कमरेला हात लावून दणक्याची वाट बघत राहिलो. दणका आलाच नाही रे! खाली शॉव्हेलपाशी गेलो, कोळसा भरला, वर चढलो. पंपाजवळच्या वळणावर धूळ बसवायला टँकरने पाणी जास्त मारलं होतं. तिला कुणी सांगितलं नाही, पण तिने आधीच वेग कमी केला. ते वळण तिने माझ्यापेक्षा चांगलं घेतलं. मी तसं बोलूनही बसलो. मग ती रडली, मी रडलो, आणि वायरलेसवरून कुणीतरी विचारलं, “चिमणी, गाडीत बिघाड आहे का?” “नाही,” म्हणाली, “गाडी उत्तम आहे, माणसं गळतायत.”

उतरताना कंबर दुखली नाही. त्या सीटसाठी भांडलास, चांगलं केलंस.

तंबूत तू माइकवर बोलत होतास. लांबूनच बघितलं. केस किती पांढरे झाले तुझे! भेटलो नाही, कारण चार पाहुण्यांसमोर मला काय सुचलं असतं, याचा भरवसा नव्हता.

तू जे लिहिलंस ते मी तीनदा वाचलं. चौथ्यांदा तुझ्या वहिनीला वाचून दाखवलं. नऊ वर्षं मला तुझ्याकडून तेवढंच हवं होतं, आणि तू लिहिलंस ते पदरचं काही न घालता लिहिलंस. माफ केलं, असं अजून लिहवत नाही. खोटं लिहिणार नाही.

येत्या रविवारी चिमणीची सुट्टी आहे. तिला घेऊन जेवायला ये, बायकोलाही आण. राग अजून भरपूर शिल्लक आहे. तो तुला समोर बसवून काढीन, कागदावर कशाला वाया घालवू?

वाट बघतो.

तुझा
दादा