मनूच्या खोलीचा रंग

बीबी,
ता. ११ मार्च १९६४

ती. सौ. सुलभाआक्का,

गीताचा नमस्कार. तुझं पाकीट परवा पोचलं. इकडे सगळी माणसं धडधाकट आहेत. सासूबाईंचा गुडघा आणि माझी दाढ, दोन्ही आपापल्या जागी ठणकत असतात, ते नेहमीचंच. गहू सोंगून झाला, हरभरा खळ्यावर आहे. भाऊजींना नमस्कार सांग.

पाकिटातून रंगांच्या चौकोनांचा तो कागद निघाला आणि घरात जत्रा जमली. शेजारच्या आशाबाईसुद्धा पदराला हात पुसत आल्या. भिंतीला एवढे रंग असतात हे इथे कुणाला ठाऊक? आमच्याकडे पांढऱ्या मातीनं भिंत पोतारली की झालं, आणि तैलरंग लागतो तो पोळ्याला बैलांच्या शिंगांना. साडेचार वर्षांच्या पोरीला वेगळी खोली, तिला खिडकी, खिडकीला आणखी वेगळा रंग, हे ऐकून सासूबाई म्हणाल्या, "काऊन, मोठी तहसीलदारीन लागून गेली का ते?" पण आवाजात कौतुक होतं. नात कुठे चालली ते सांगायला त्यांना सध्या गाव पुरत नाही.

बारा वर्षं तुम्ही दोघंच त्या घरात. आता भाऊजींनी हौसेनं एक खोली वाढवली, ते चांगलंच केलं. त्यांचं म्हणणं तू लिहिलंस ते समजलं. खोली रंगवून तयार झाली की मनूला न्यायचं, अक्षय्य तृतीयेचा मुहूर्त धरायचा, म्हणजे पुढे चिखलीच्या शाळेत नाव घालता येईल, आणि तिथून ती कायमची तुमची. ठीक आहे. म्हणजे आधी रंग ठरला पाहिजे. तर एकेक बघते.

गुलाबी नको, दंतमंजन फासल्यासारखा दिसतो. हिरवा तर नकोच. दवाखान्याची खोली हिरवी आहे, तिथे तिला सुई टोचली होती, हिरवी भिंत दिसली की ती भोकाड पसरेल. पिवळा बरा आहे, पण चिखलीचं ऊन आणि त्यात पिवळी भिंत, पोरीला डोळे उघडवणार नाहीत. आकाशी मला आवडला होता. पण आकाशी विटला की कसा दिसतो ते आपण अण्णांच्या शाळेत पाहिलंय, ते आठवलं आणि मन उतरलं.

पांढरा चुना मात्र मुळीच लावू नका. जो काही रंग लावाल तो तैलरंग लावा, निदान पोरीचा हात पोचतो तिथपर्यंत तरी. पुसायला बरं पडतं.

कागद परत पाठवते आहे. त्यातला बदामी चौकोन गेलाय आणि एक कोपरा चिंब झाला होता, तो वाळवून घेतला. मनूच्या हाती लागला होता. रागावू नकोस.

एकूण यातलं एकही जमत नाही. दुकानात आणखी असतील तर बघ. घाई काहीच नाही.

तुझी,
गीता


बीबी,
ता. ८ एप्रिल १९६४

ती. सौ. आक्का,

नमस्कार. दुसरा कागद आला, त्याच्या पाठोपाठ तिसराही आला. रंगारी दोनदा येऊन परत गेला म्हणतेस, आणि विचारतेस की मोतिया रंगात आता काय वाईट आहे.

काही वाईट नाही. आकाशीत नव्हतं, पिवळ्यात नव्हतं, मोतियात तर नाहीच नाही. रंग ठरला की खोली होणार, खोली झाली की पोर जाणार, म्हणून मी खोड्या काढत बसले. इतकं साधं आहे. तुझ्या ते लक्षात आलं नाही याचंच मला नवल वाटतं. लहानपणी तर माझं खोटं तू माझं तोंड उघडायच्या आधी ओळखायचीस.

दुसरी गोष्ट. मनू भिंत खाते.

लिहिलं एकदाचं. कणगीच्या मागे, तिच्या उंचीला, भिंतीत वाटीएवढा खळगा आहे. मी शनिवारी लिंपते, सोमवारी परत खळगा. मिरचीचं पाणी लावून पाहिलं, तर नाकाडोळ्यांतून पाणी गाळत ती पुन्हा तिथेच. मारलंसुद्धा, दोनदा, आणि मग तिला मांडीवर घेऊन मीच बसून राहिले. दवाखान्यात म्हणाले, रक्त कमी आहे, जंत असतील. लाल औषध दिलं. ती ते गटागटा पिते आणि वर भिंत खाते. तुझा बदामी चौकोनही तिनंच खाल्ला. चुन्याची भिंत मिळाली तर पोरीचं तोंड सोलून निघेल, म्हणून तैलरंग तैलरंग करत होते.

हे मी आधी लपवलं, कारण ऐकून तुम्ही नको म्हणाल अशी भीती होती. थोरल्या दोघी दुसरीतूनच घरी बसल्या, मनूच्या बापानं त्यांना शेतात घातलं. अण्णांनी तुला-मला सातवीपर्यंत शिकवलं आणि माझ्या पोरी निंदायला जातात, हे मला रोज खुपतं. ही एक तरी शिकावी. आणि आता सांगते आहे ते तुम्ही नको म्हणावं म्हणून. दोन्ही खरं आहे, काय करू? हसू नकोस.

आता मुख्य ते लिहिते. मनूला द्यायचं कधी ठरलं, सांग बरं. दिवाळीत तुम्ही दोघं आलात. भाऊजी ओसरीवर यांच्याशी बोलले. हे म्हणाले, "न्या." सासूबाई म्हणाल्या, "तीन पोरी हायेत, पाळण्यात पोरगा हाय, एक तुमच्या घरी गेली त काय बिघडते?" मी आत भाकरी थापत होते. थापतच राहिले. मी रडले नाही, ओरडले नाही, म्हणून सगळ्यांनी माझा होकार धरून टाकला. चहा झाला, सुपारी कातरली, झालं!

त्यानंतर तू मला तीन पत्रं लिहिलीस. तीनदा विचारलंस, रंग कोणता लावू. पोर देतेस का, हे एकदाही नाही विचारलंस. यांनी नाही विचारलं, सासूबाईंनी नाही विचारलं, ते मी समजू शकते. त्यांना विचारायची सवयच नाही. पण तू गं? मी तुझ्या पाठची. आपल्या आईचं नाव मी हिला ठेवलं, मनकर्णा, म्हणून तुझा हिच्यावर जास्त जीव, हेही मला कळतं. तरी मला तुझा फार राग आलाय, आक्का. चुलीशी बसले की येतो, पाणी भरताना येतो.

रंगाचं मी आता काही सांगणार नाही. आधी मला विचार. मी काय म्हणेन ते माझं मलाच माहीत नाही, पण विचार.

गीता


बीबी,
ता. ११ मे १९६४

ती. सौ. आक्का,

नमस्कार. हे पत्र मनूच्या बापाच्या खिशात आहे आणि मनू त्यांचं बोट धरून आहे. मेहकरला गाडी बदलायची, ऊन रणरणतं, पोरीला एस.टी. लागते. ती ओकली असेल तर आधी तिचं तोंड धू, पत्र मग वाच.

तू अशी न कळवता, भर दुपारच्या गाडीनं येशील असं मला वाटलं नव्हतं. मला वाटलं, फार तर कार्ड येईल. तू आलीस, पाणीसुद्धा घेतलं नाहीस, पदर खोचून थेट कणगीमागे गेलीस आणि उकिडवी बसलीस. नखानं एक खपली काढलीस आणि तोंडात टाकलीस. सासूबाईंचा तर आ वासलेला तसाच राहिला. तू आपली शांतपणे चावते आहेस. "आपल्या घरची याच्यापेक्षा खारट होती वं," म्हणालीस. "मी बी खात होती. तुले काय ठाऊक, तू तवा पाळण्यात होती."

अठ्ठावीस वर्षांत हे तू मला कधी सांगितलं नव्हतंस! घरात सगळ्यात शहाणी म्हणून तुझा दाखला देऊन मला बोलणी खायला लागायची. मी हसायला लागले ते थांबेचना. मनू तुझ्याजवळ येऊन बसली आणि तुझ्या तोंडाकडे बघत राहिली. माझ्याकडे तिनं तसं कधी बघितलं नाही. मला हेवा वाटला, खोटं कशाला सांगू? आणि तिथेच माझं अर्धं उत्तर झालं.

मग परसात, गोठ्याच्या सावलीला, तू विचारलंस. "गीते, मनू मले देतं का? नाही म्हटलं तरी मी तुही बहीणच राहीन." मी गव्हाणीत कडबा सारत राहिले. तू घाई केली नाहीस. मग मी हो म्हणाले.

यांना वाटतं, आधीच ठरलेल्या गोष्टीला मी पुन्हा हो म्हटलं, त्यात काय मोठंसं. त्यांना समजावत बसले नाही. कुणी विचारलं नव्हतं तोवर माझी पोर नुसती जात होती. आता मी ती दिली आहे. त्यानं दुःख कमी झालं असं समजू नकोस. काल तिच्या झग्यांच्या घड्या घालताना मी पोटभर रडले. सासूबाई आल्या, उरलेल्या घड्या त्यांनी घातल्या. एक झगा त्यांनी ठेवून घेतलाय, तो पिशवीत शोधू नकोस.

मी सोबत आले नाही. कुरडयांचं काम आहे असं सगळ्यांना सांगितलंय. कुरडया केव्हाच वाळून डब्यात गेल्या. तुझ्या दारात तिला सोडून पाठ फिरवणं माझ्यानं होणार नाही, दुसरं काही नाही.

जाता जाता तू रंगाचं पुन्हा विचारलंस. चुना सोडून कोणताही लाव. तिला कोणता शोभेल, कोणता मळेल, ते तू बघ. लेकीच्या खोलीचा रंग तिच्या आईनं ठरवायचा असतो.

आणखी थोडं. भाकरी दुधात कुस्करून दे, वरण ती बाजूला सारते. केस विंचरताना काहीतरी बोलत राहा, नाहीतर मान आखडून धरते. शाळेत पहिल्या दिवशी रडली तर परत आणू नकोस, बाहेर थांब.

आणि ती पडते फार. पडली की "माय वं" म्हणून ओरडते. ती मला हाक मारते आहे असं समजून तू उंबऱ्यात घुटमळशील, मला तू माहीत आहेस. घुटमळू नकोस. धावत जा आणि ओ दे.

तुझी गीता,
मनूची मावशी