डाग तेवढा ठेवला आहे

दि. ११ फेब्रुवारी

ती. मोठ्या जाऊबाईंना,

नमस्कार. इकडे आम्ही मजेत आहोत. ह्यांचा गुडघा बरा आहे, लेकीला नोकरी लागली. बारा वर्षांत तुम्ही विचारलं नाहीत, म्हणून आपणहून सांगितलं.

तुमचा ड्रायव्हर सासूबाईंची निळी सुती शाल ज्या रिठा धुलाईच्या दुकानात टाकून गेला, ते दुकान माझं आहे. बसला ना धक्का? सोबतच्या चिठ्ठीवर तुमचं अक्षर बघून मलाही बसला. 'रविवारी सासूबाईंचा नव्वदावा वाढदिवस आहे, नाजूक हाताने धुवावी.' अहो, हात तेच आहेत, तुम्ही ज्यांच्या नावाने खडे फोडलेत ते!

धुतली. रिठे फोडून बिया काढल्या, टरफलं भिजवून उकळली, पाणी दोनदा गाळलं, गार होऊ दिलं. घासली नाही, पिळली नाही, फेसात नुसती दाबत राहिले. एवढा मळ निघाला की पाण्याचा काढा झाला. सावलीत आडवी वाळवली. आता निळा रंग असा उघडलाय, की खांद्यावरचा वीतभर पांढरा डाग दारातूनसुद्धा दिसतो. त्यावर तुम्ही फुलं भरून घेतली होतीत, ती मी उसवली. त्याची मजुरी लावलेली नाही.

डाग आठवतो ना? "धाकटीने रिठ्याच्या उग्र पाण्यात बुडवली, रंग गेला," असं तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात. सासूबाईंच्या आईने विणलेली शाल ती! त्यांनी माझ्याशी बोलणंच टाकलं. ज्या बाईचे केस मी सात वर्षं दर आठवड्याला रिठ्याने धुतले, डोळ्यांत फेस जाऊ नये म्हणून कपाळावर हात धरून, तिने! महिन्याभरात आम्ही घर सोडलं. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

सोबत दोन धागे चिकटवलेत, दोन्ही त्याच शालीच्या काठाचे. निळा आहे तो तीन दिवस रिठ्याच्या दाट पाण्यात होता. पांढरा आहे त्यावर ब्लीचचा एक थेंब टाकला होता.

काल तुम्ही ऑफिसात असताना शाल आणि असेच दोन धागे घेऊन मी थेट सासूबाईंकडे गेले. वाटलं, रडतील, तुमच्या नावाने बोटं मोडतील. त्यांनी धाग्यांकडे बघितलंसुद्धा नाही.

"अगं, मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. थोरलीनेच न विचारता ऑफिसच्या समारंभाला नेली, चहा सांडला, वर ब्लीच ओतलं. वास लपतो होय?"

"मग बोलला का नाहीत?"

"माझं म्हातारपण तिच्या हातात होतं. तू काय, कुठेही निभावून नेली असतीस."

जाऊबाई, मी तिथे ढसाढसा रडले. घरी येताना मात्र हसू फुटलं. बारा वर्षं तुम्ही त्यांना चहा दिलात, पाय चेपलेत, 'मला तर लेकच मानतात' म्हणून नातेवाइकांत मिरवलंत. लेक कसली, त्या तुम्हाला घाबरत होत्या! रोज तुमच्या हातचा चहा घेताना त्यांना सगळं माहीत होतं. हे तुम्हाला कळावं, एवढ्यासाठी पत्र.

रविवारी त्या शाल पांघरणार आहेत, डागाची बाजू वर. कोणीतरी विचारेलच, हा डाग कसला? त्या काही बोलणार नाहीत, नुसत्या तुमच्या तोंडाकडे बघतील. मला आग्रहाने बोलावलंय, पण मी येणार नाही. त्यांना नीट सांभाळा. शंभरी गाठोत त्या, तुमच्याच घरात.

तुमच्यावरचा राग तसाच ठेवून, आणि त्यांच्यावरचा कालपासून सुरू करून,

धाकटी