खोटा पेशंट पाहिजे

ती. आत्यास,

साष्टांग नमस्कार. (पलंगभर आणि जमिनीवर कागद पसरलेत, वाकायला जागा नाही, तेव्हा केला असं समज.) गुडघे कसे आहेत? "जिथे होते तिथेच आहेत" हे तुझं ठरलेलं उत्तर मला पाठ आहे, पण आता मी डॉक्टर होण्यापासून एका परीक्षेच्या अंतरावर आले आहे, त्यामुळे विचारणं माझं कर्तव्य आहे. इकडे आई ठणठणीत आहे, मी चालतेबोलते आहे, बाबांचं पुढे येईलच. फोन सोडून पत्र कशाला, म्हणशील. तर तू फोन हातभर लांब धरून बोलतेस, तुझा आवाज इकडे भिंतीपलीकडे जातो, आणि भिंतीपलीकडे बाबा बसलेले असतात. शेजारच्या काकू उद्या सकाळी तुमच्याकडे यायला निघतायत, त्यांच्या हातूनच पाकीट पाठवते आहे.

मला परदेशातल्या एका मोठ्या रुग्णालयात आठ आठवडे शिकायला जायचंय, हे तुला कळलंच असेल. (आईने कळवलं नाही असा एकही नातेवाईक आता उरलेला नाही.) जागा एक आहे आणि आमच्या वर्गातल्या तिघांचा तिच्यावर डोळा आहे. महिनाअखेरपर्यंत सगळी कागदपत्रं पोचली पाहिजेत, नाहीतर जागा गेली. आणि ती कागदपत्रं! माझ्या लहानपणीच्या लशींचं कार्ड आईने कपाटातून शोधून काढलं. त्यावरचं डॉक्टरांचं अक्षर पाच वर्षं वैद्यक शिकूनही मला लागेना. शेवटी कोपऱ्यावरच्या औषधवाल्याने ते एका दमात वाचून दाखवलं आणि वर विचारलं, "यातलं काही देऊ का?"

मग शिफारसपत्र. आमच्या विभागप्रमुखांची पद्धत अशी की "तूच लिहून आण, मी सही करतो." आता स्वतःची स्तुती स्वतः करायची म्हणजे काय संकट असतं ते तुला काय सांगू! पहिल्या मसुद्यात मी लाजून "मुलगी बरी आहे" एवढ्यावर थांबले. दुसऱ्यात इतकी हुशार झाले की सरांची नोकरी धोक्यात यावी. आईला वाचायला दिलं, तर तिचा आग्रह की खरं तेच लिहावं, म्हणजे मनाने चांगली आहे पण ओला टॉवेल गादीवर टाकते. सरांनी सगळं पत्र चष्मा न लावता वाचलं, एकच दुरुस्ती केली (खाली लिहिलेल्या स्वतःच्या पदव्या वर घेतल्या) आणि सही ठोकली.

खरी गाडी अडली ती चित्रफितीपाशी. तिकडच्या लोकांना बघायचं असतं की आपण पेशंटशी बोलतो कसं. दारावर टकटक करायची, आपलं नाव सांगायचं, हात धुवायचे, बसू का म्हणून विचारायचं, आणि एकदा पेशंट बोलायला लागला की दोन मिनिटं मध्ये तोंड उघडायचं नाही. दोन मिनिटं, आत्या! आमच्या ओपीडीत दोन मिनिटांत चार पेशंट हातावेगळे होतात. काय होतंय, कधीपासून, जीभ दाखवा, पुढचा. गेल्या महिन्यात मी एका आजोबांना जीभ दाखवायला लावली, रक्तदाब बघितला, कागद लिहून दिला, आणि मग कळलं की ते नुसते आजींना सोबत म्हणून आले होते. शिवाय चित्रफितीतला पेशंट खोटा पाहिजे. खऱ्या पेशंटचं चित्रण करायला सक्त मनाई आहे, हे ठळक अक्षरात दोनदा छापलंय.

खोटा पेशंट मिळणं खऱ्यापेक्षा अवघड. माझी मैत्रीण "पोटात दुखतंय" म्हणता म्हणता हसून लोळायला लागली. आईला बसवलं, तर तीच मला विचारायला लागली की जेवलीस का, आणि डोळ्यांखाली हे काय झालंय. राहिले बाबा. त्यांना सांगितलं, कोणताही आजार घ्या आणि बोला. मी विचारलं, "काय त्रास होतोय?" आणि स्वयंपाकघरातून उत्तर आलं, "त्यांना गॅस होतो." मी विचारलं, "कधीपासून?" तर आतून, "आमच्या लग्नापासून." बाबा शांतपणे मान हलवत होते. असे दोन प्रयत्न फुकट गेल्यावर मी आईला वेळ मोजायला बसवलं. हातात घड्याळ दिलं आणि बजावलं, नियम आहे, दोन मिनिटं कोणीही बोलायचं नाही. परदेशचा नियम म्हटल्यावर ती गप्प बसली.

तुझा भाऊ घरात सलग दोन मिनिटं बोललाय असं मी जन्मात पाहिलेलं नाही. सुरुवातीला ते नुसते पंख्याकडे बघत होते. मग म्हणाले की कामावर असताना तिसऱ्या मजल्यावरचा पाण्याचा मीटर वाचायला चढलो की छातीवर कोणीतरी तळहात टेकवून ढकलतंय असं वाटतं. डाव्या जबड्यापर्यंत कळ जाते. मग जिन्यात थांबतो. लोकांनी विचारू नये म्हणून वही उघडतो आणि आकडा लिहून घेतोय असं दाखवतो. मनात साठ मोजले की कमी होतं. आधी चौथ्या मजल्यावर व्हायचं, दोन महिन्यांत दुसऱ्यावर आलंय. मी आपली यादीवर खुणा करत होते. कधीपासून, झाली खूण. कुठे पसरतं, झाली खूण. संपल्यावर मी टाळ्या वाजवल्या! "बाबा, काय कमाल केलीत!" म्हटलं, आणि दहापैकी नऊ गुण दिले. एक कापला, कारण ते कॅमेऱ्याकडे बघत नव्हते.

चित्रफीत आमच्या मेडिसिनच्या मॅडमना दाखवली. मॅडम कौतुक करत नाहीत, फार तर ओरडायचं थांबतात. त्यांनी ती दोनदा बघितली. म्हणाल्या, "तू चांगलं बोललीस. पण हे पाठवता येणार नाही. पेशंट खरा आहे." मी हसले, म्हटलं अहो, माझे वडील आहेत, नाटक केलंय. त्या हसल्या नाहीत. "वही उघडून लिहायचं सोंग करतो, हे कोणाला बसल्या जागी सुचत नाही, मुली. उद्या सकाळी त्यांना घेऊन ये." आत्या, पाच वर्षं मी हेच शिकले, आणि समोर बसलेल्या बापाला गुण देत राहिले. मला इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती. आणि भीती तर त्याहून जास्त वाटते आहे.

ही झाली परवाची गोष्ट. बाबा काही येत नाहीत. "तूच टाळ्या वाजवल्यास ना? मग अभिनयच होता तो," म्हणतात, आणि आता जिन्यात भेटेल त्याला सांगतात की आपल्यातला नट वाया गेला. मॅडमनी दिलेली गोळी घेतात, तीही "तुझं मन राखायला." सुट्टी घेत नाहीत. आईजवळ मात्र बोलून गेले की एकदा तपासण्या सुरू झाल्या की पोरगी जायची नाही. मीही सांगून टाकलंय, तुमचा कार्डिओग्राम झाल्याशिवाय एक कागद पाठवणार नाही. ते हटत नाहीत, मी हटत नाही, आणि महिना संपायला नऊ दिवस राहिलेत.

तेव्हा मला नवा खोटा पेशंट हवा आहे. तुझ्या म्हणण्याप्रमाणे तुला आजवर काहीच झालेलं नाही, त्यामुळे तुझ्याइतकं योग्य माणूस दुसरं नाही. परवा सकाळच्या पहिल्या गाडीने ये. नाही म्हणू नकोस.

तुझी लाडकी (असं मीच लिहिते, सही तू कर),
भाची

ता. क. वर लिहिलंय ते सोड. खोटा पेशंट म्हणून मैत्रिणीला दोन चापट्या देऊन बसवता येईल. तू आलीस की फक्त छातीत जड वाटतंय म्हण. एकदा तपासून घे म्हणून बाबा किती वर्षं तुझ्या मागे लागलेत, ते स्वतः तुला दवाखान्यात आणतील. मॅडमना सांगून ठेवलंय. आत गेलीस की शेजारच्या खाटेकडे बोट दाखवून त्यांना "झोप" म्हण. तू म्हटल्यावर ते झोपणार नाहीत असं आजवर झालेलं नाही. तुझ्याशिवाय हे कोणाच्याने होणार नाही, आत्या.

ता. क. तुला खोटं बोलता येत नाही हे मला माहीत आहे. शाळेत सगळी नोकरी तू मुलांना त्यावरूनच ओरडण्यात घालवलीस. म्हणून तू बोलूच नकोस, नुसती छाती धरून बस. बोलायचं काम आई करेल.

ता. क. हे मी लिहितोय, ताई. पोरगी आंघोळीला गेली आहे आणि पाकीट उघडंच होतं. सगळं वाचलं. नाटक नव्हतं ते. तुला छाती धरून बसायची गरज नव्हती, मी आलोच असतो, पण एकट्याने त्या दारातून आत शिरायचा धीर होत नाही. पोरीसमोर घाबरलेलं दिसायचं नाही मला. तुझ्यासमोर चालतं. तेव्हा ये, आणि तिने सांगितलंय तसंच सगळं कर. मी घाबरून तुला गाडीत घालीन, तू "झोप" म्हण, मी झोपेन. आता पाकीट चिकटवून शेजारी देऊन येतो, पोरीने विचारलं तर तिची आई म्हणेल मीच दिलं. मी वाचलंय हे तिला कधीच सांगू नकोस. आपल्या युक्तीने बापाला दवाखान्यात नेलं, असं वाटू दे तिला. एवढ्या लांब एकटी जायची आहे.