दोन पेट्या कतरन

गुरुवार, १२ नोव्हें. १९५३
कोपऱ्यावरच्या रज्जबभिया दर्जींनी पिशवीभर कतरन दिली, शिवणातून उरलेले तुकडे. छीट जास्त, पॉपलीन थोडं, मिलच्या लाल कापडाचा एक चांगला मोठा तुकडा. पलंगाखालच्या दोन्ही पेट्यांची झाकणं आता लागत नाहीत. सासूबाई म्हणाल्या, गोधडी गरजेपुरती शिवतात, हा शौक कुठला. हिवाळ्यात सचिवालय इंदूरहून ग्वाल्हेरला गेलं की कचेरीबरोबर हे पण जातात, ते थेट उन्हाळ्यापर्यंत. तेवढे महिने सा.बाईंना बोलायला मीच.
अर्धवट गोधड्या तीन. माझ्या बेबीची निळी, अर्धवट असूनही ती तीच पांघरते. चांदण्यांची, तिचे कोपरे जुळतच नाहीत. आणि शेजारच्या शर्मा भाभींच्या सुनेची, बाळंतपणासाठी. कुसुम म्हणते आधी ती संपवू. ती रंग मांडते, मी टाके घालते. नणंद असून मला कधी टोचून बोलली नाही. दिवाळीपासून खोकतेय. शाळेत शिकवताना खडू उडतो त्यामुळे, म्हणे.

२१ नोव्हें.
शर्मा भाभींची पूर्ण झाली नि लगेच बिघडली. धुतली तर लाल रंग सुटला, पांढऱ्या मलमलीवर सगळीकडे ओघळ. रडूच आलं. कु. हसत बसली. म्हणाली, पांढरे काढून दुसरे लावू, दोन दुपारचं काम.

२६ नोव्हें.
दुपारी ओसरीवर कु. नवे पांढरे तुकडे कापत होती. खोकल्याची उबळ आली. हातातलाच तुकडा तोंडाला धरला. मी म्हटलं, अगं पुन्हा लाल लागला की.  तुकडा मुठीत आवळून बसली. तेव्हा कळलं, तो रंग नव्हता.
सा.बाईंना अजून सांगितलं नाही.

३० नोव्हें.
कु.च्या छातीचा फोटो काढला. डावीकडे डाग. डॉक्टर म्हणाले राऊच्या क्षयाच्या दवाखान्यात ठेवा, उशीर नको, मोकळी हवा नि सुया, दोन्ही लागणार. सा.बाईंनी मान खाली घालून ऐकलं. घरी आल्यावर एकच बोलल्या, देवासच्या मंडळींना कळू द्यायचं नाही. कु.ला बघून गेलेत ते, दिवाळीआधी. निरोप यायचाय.
यांना तार केली.

६ डिसें., रविवार
तिला पोचवून आले. महूच्या गाडीने राऊ, पुढे टांगा. लांबलचक व्हरांडा, ओळीने खाटा. सा.बाई आल्या नाहीत, बेबीजवळ कोण थांबणार म्हणाल्या. मी निघताना कु.ने फक्त कैची मागितली. दवाखान्यातल्यांनी ठेवू दिली नाही.

९ डिसें.
शर्मा भाभी आल्या. नवे पांढरे लावून दिलेली गोधडी घडी करून ओट्यावर ठेवली, आत आल्या नाहीत. "बहू को गरमी होती है, रख लो तुम।" डिसेंबरात गरमी. मी ती उचलून आत आणली. त्यांच्या जागी मी असते तर काय केलं असतं, तेही माहीत नाही.
बातमी कशी गेली कोण जाणे. देवासहून संध्याकाळी निरोप, पत्रिका जुळत नाही.

१२ डिसें.
सा.बाई म्हणतात दोन्ही पेट्या जाळून टाक. प्रत्येक तुकड्याला तिचा हात लागलाय. मी ठाम नाही म्हटलं. डॉक्टरांनी उकळायला नि उन्हात टाकायला सांगितलंय, जाळायला नाही.
मात्र बेबी झोपल्यावर तिच्या अंगावरची निळी मीच काढून घेतली. मी शिवताना दोरा कु. दातांनी तोडून द्यायची. ब्लँकेट घातलं. जाग आल्यावर बेबी सारखी निळी मागत होती.

१५ डिसें.
अंगणात चूल मांडून सगळं उकळलं. पातेल्यामागून पातेलं. मिलचे रंग, छिटा, यांच्या सदऱ्याचं, माझ्या लग्नातल्या साडीचं, सगळ्यांनी एकमेकांत रंग सोडला. बाहेर काढलं तर एकच गढूळ जांभळट. इतक्या वर्षांचं जमवलेलं. वेगवेगळे धुतले असते तर काही वाचले असते, पण मला भीती वाटत होती, लवकर संपवायचं होतं.
सा.बाई न सांगता येऊन दोरीवर वाळत घालू लागल्या. 

२० डिसें., रविवार
राऊ. कु.चा चेहरा बरा, आवाज खोल गेलाय. हात रिकामे बसत नाहीत म्हणते. त्यातलेच थोडे तुकडे नेले होते. रंग बघून विचारलं, हे काय केलंस वहिनी. सांगितलं. एकेक तुकडा उलटून बघितला. नर्सबाई ओरडल्या, "जो अंदर आया वो बाहर नहीं जाएगा।" म्हणजे ती शिवेल ते तिथेच राहणार.
मग तिनेच विचारलं, देवासचं काय झालं?
मी म्हटलं, अजून काही आलं नाही.
"बरं," म्हणाली, नि सुईत दोरा ओवायला मला दिला. ओळखलं असावं.

२७ डिसें.
हे नाताळच्या सुट्टीत आलेत. काल राऊला जाऊन बहिणीला भेटले, दारातूनच, परत आल्यावर जेवले नाहीत. आज म्हणाले, "तू दर रविवारी जाणं बंद कर. बेबीचा विचार कर."
"मग कोण जाणार?"
ते बॅग भरायला लागले. सकाळच्या गाडीने जातील. ते चुकीचं बोलले असं मला म्हणता येत नाही, हीच अडचण आहे.

३ जाने. १९५४
गेले नाही.

१० जाने.
आजही नाही. बेबीला सर्दी. सर्दीच आहे, डॉक्टरांनी छाती तपासली. तरी रात्रभर तिचा श्वास ऐकत पडले होते.

१४ जाने., संक्रांत
हळदीकुंकू केलं. जुनी इंदूर मोहल्ल्यातल्या यांच्या मामी तेवढ्या आल्या, वाण घेतलं, पाणीही न पिता उठल्या. तिळगूळ डब्यात तसाच. सा.बाई एकट्याच पाटासमोर बसून होत्या, कितीतरी वेळ. मला म्हणाल्या, इतकं करायला नको होतं. लोकांनी की आपण, ते कळलं नाही. 

१७ जाने., रविवार
सकाळी बघते तर सा.बाई शाल घेऊन तयार. तिळगुळाचा डबा हातात. "चल. बेबीला मामींकडे ठेवू."
गाडीत डबा मांडीवर धरून बसल्या. व्हरांड्याच्या पायरीशी थबकल्या. कु.ने लांबून पाहिलं, उठून बसली, म्हणाली, "आई, तिथेच थांब. जवळ येऊ नकोस."
सा.बाई तरी जवळ गेल्या. खाटेच्या कडेवर बसल्या, तिच्या केसांतला गुंता बोटांनी सोडवू लागल्या. कु. तोंड दुसरीकडे करून. मी बाहेर आले.
डॉक्टर भेटले. नवा फोटो आलाय. डावीकडचं थोडं भरतंय, पण उजवीकडे काहीतरी दिसतंय. काय, ते महिन्याने कळेल. तोवर सुया चालू. हे सा.बाईंना सांगितलं नाही.
घरी आल्याबरोबर त्यांनी अंघोळ केली. मामींनी आणून सोडल्यावर बेबी धावत आली तर तिला लांबच बसवलं नि तिथूनच गोष्ट सांगत बसल्या. मग मला म्हणाल्या, पुढच्या रविवारी थोडा शिरा करून नेऊ, तिला आवडतो.
यांना कळवायला हवं, आई राऊला गेल्या होत्या म्हणून. आणि उजवीकडचंही. कागद घेऊन बसलेय. आधी कुठलं लिहू?