जावईबापू जेवायला बसले

तीर्थरूप दादास,

धाकट्या बहिणीचा शिरसाष्टांग नमस्कार. (दोन पेशंटच्या मधल्या वेळात, दात काढायच्या खुर्चीत आडवी होऊन लिहिते आहे. तेव्हा आठही अंगं टेकलेली आहेत, फक्त उलट्या बाजूने.) वहिनींची कंबर आता बरी आहे आणि मुलांना नवी शाळा आवडली हे ऐकून आनंद झाला. इकडे मीही ठीक आहे. तू विचारलं नाहीस, तरी सांगून ठेवते. मागच्या फोनवर तू माशाची तब्येत विचारलीस, माशाची झोप विचारलीस, पाण्याच्या खारटपणाचीसुद्धा आस्थेने चौकशी केलीस. यावरून तुझी बहीण ठणठणीत आहे अशी तुझी खात्री दिसते. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून हा कागद. कागदाला मध्येच 'बरं ते जाऊ दे' म्हणता येत नाही.

बदलीच्या गावी जाताना तू काचेची ती अवाढव्य टाकी माझ्या वेटिंग रूममध्ये मांडून दिलीस आणि त्यात तो मासा सोडलास, त्याबद्दल तुझे उपकार कसे मानावेत हेच मला कळत नाही. पांढऱ्या अंगावर नारिंगी पट्टे, शेपटीकडे एक खोटा डोळा, आणि पुढे माझ्या चिमट्यासारखं निमुळतं लांब तोंड. पेशंटच्या मनाला शांती मिळेल, असं तू म्हणाला होतास. मिळाली. आधीच गालावर हात धरून बसलेला माणूस समोर बघतो, तर एक देखणा मासा खाण्याकडे पाठ करून कोपऱ्यात उभा आणि दिवसेंदिवस वाळत चाललेला. ज्या दाताच्या डॉक्टरकडे मासादेखील जेवू शकत नाही, तिच्याकडे आपली दाढ द्यावी का, हा विचार मला एकेकाच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसायचा. एक शाळामास्तर तर सुजलेला गाल तसाच घेऊन उठून गेले. जाताना टाकीकडे बघून त्यांनी अशी मान हलवली, की माझ्याच सांत्वनाला येऊन गेल्यासारखं वाटलं.

'तयार खाद्याची सवय लाव, काही अवघड नसतं,' हे तुझं निघतानाचं वाक्य मी फ्रेम करून लावणार आहे. इतकी वर्षं तू त्याला जिवंत अळ्या चारल्यास, हे मात्र टॅक्सी सुरू झाल्यावर खिडकीतून सांगितलंस. मग काय, आणल्या अळ्या. त्या थंड जागी ठेवाव्या लागतात, म्हणून दवाखान्याच्या फ्रीजमध्ये, दात भरायच्या मसाल्याशेजारी ठेवल्या. रिसेप्शनवरच्या बाईंनी दुपारी ताकाची बाटली काढायला फ्रीज उघडला आणि चुकीचा डबा हातात घेतला. त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी शांतपणे झाकण लावलं आणि एकतर अळ्या राहतील नाहीतर मी, असं मला सांगितलं. बाईंशिवाय माझा दवाखाना एक दिवस चालत नाही. अळ्या गेल्या.

तेव्हापासून माझं त्याच्यापुढे दाताच्या कण्या करणं सुरू झालं. माशांचं सामान विकणारा दुकानदार भेटला की माझ्याकडे असं प्रेमाने बघतो, की त्याच्या घराचं रंगकाम माझ्याच जिवावर चाललं असावं. त्याने आधी पापुद्र्यासारखं खाद्य दिलं, मग गोळ्या, मग गोठवलेल्या कोळंबीच्या वड्या, मग त्या वड्यांवर टाकायला लसणाचं पाणी, भूक चाळवते म्हणून. (भूक चाळवली. वेटिंग रूममधल्या सगळ्यांची.) आपले महाराज प्रत्येक पदार्थाजवळ यायचे, एका डोळ्याने निरखायचे, आणि आमच्या घराण्यात असलं कुणी खात नाही अशा थाटात मागे फिरायचे. दुकानदार म्हणाला, दुसरा खादाड मासा सोडा, त्याचं बघून हा शिकेल. सोडला. त्या खादाडाने दोघांच्या वाटणीचं खाल्लं, आणि आपला मासा त्याच्याकडे, लग्नाच्या पंगतीत आडवा हात मारणाऱ्या पाहुण्याकडे बघावं तसा बघत राहिला. बाईंनी तेव्हाच आपल्या माशाचं नाव जावईबापू ठेवलं आणि खादाडाला दुकानात परत पोचवलं. मी हसले नाही, कारण जावईबापूंच्या पाठीचं हाड आता काचेबाहेरून दिसायला लागलं होतं. आज तो आडवा तर दिसणार नाही, या भीतीने रोज सकाळी कुलूप काढलं की मी आधी टाकीकडे धावायचे. हे तुला फोनवर सांगितलं नाही. सांगायला गेले होते, तू 'बरं ते जाऊ दे' म्हणालास.

आता जरा तुझ्या दुसऱ्या ठेवीकडे वळते. (विषयांतर नाही. वाच.) तुझे सासरे. मुलीकडे चला म्हटलं तर येत नाहीत, माझ्या दवाखान्याच्या मागच्या गल्लीत एकटे राहतात, आणि त्यांना एक चांगली कवळी करून दे, असा हुकूम तू सोडला होतास. केली. उभा जन्म ज्या माणसाने वजनमापे खात्यात दुकानदारांचे तराजू तपासले, त्याच्या तोंडाचं माप घेणं म्हणजे काय, याची तुला कल्पना नाही. समोरचा एक दात जरा तिरका हवा, कारण त्यांचा खरा दात तसा होता आणि सरळ दात लावले तर ओळखीचे लोक फसतील, अशी त्यांची अट. तीही पाळली. कवळी लावून त्यांनी आरशात बघितलं, जबडा दोनदा इकडेतिकडे हलवला आणि माप चुकलंय असा निकाल दिला. वर आणि खाली, दोन्ही. कवळी माझ्याच खणात टाकून गेले आणि पुन्हा दूधभाकरी कुस्करून पातळ करून गिळायला लागले. मी डबा पाठवला तर तो तसाच परत यायचा, वर धुतलेला. शर्टाची कॉलर मानेभोवती सैल दिसायला लागली होती. म्हणजे माझ्याकडे तुझे दोन जण होते, आणि मी तयार केलेलं दोघांनाही तोंडात धरवत नव्हतं.

एक दिवस पेशंट यायला उशीर होता, म्हणून मी टाकीपुढे हात टेकून बसले होते. जावईबापू दगडाच्या एका फटीत तोंड घालत, काढत, शेजारच्या फटीत घालत होते. दादा, ही हालचाल मी रोज करते. हा माणूस (म्हणजे मासा) कीड शोधत होता. त्याला ताट वाढलेलं नको होतं, त्याला दातात अडकलेलं हवं होतं. मी कोळंबीची वडी वाटून तिचा लगदा केला आणि दात भरायच्या हत्याराने एका शिंपल्यात ठासून भरला. शिंपला गुळगुळीत, लगदा सुटून वर तरंगला. मग खणात हात घातला तो तुझ्या सासऱ्यांच्या कवळीवर पडला. पुढचं तुझ्या लक्षात आलंच असेल. वरच्या कवळीच्या प्रत्येक फटीत मी इतक्या निगुतीने भरणं केलं, की कॉलेजातल्या परीक्षेत केलं असतं तर पदक मिळालं असतं. ती उलटी करून वाळूत ठेवली. जावईबापू आले. निरखलं. त्या तिरक्या दाताच्या फटीत तोंड घातलं, आणि खाल्लं. मग शेजारची फट. मग दाढा. मी आणि बाई एकमेकींचे हात धरून उभ्या होतो आणि आमच्या दोघींच्या डोळ्यांत पाणी होतं. एका माशासाठी. बघ, काय करून ठेवलंस.

दवाखान्यालाही कळा आली. मासा कवळी साफ करतोय हे बघायला लोक दात दुखत नसताना येऊन बसू लागले. येणाऱ्यांत एक दिवस तुझे सासरेही आले, डबा नको म्हणून सांगायला. मी आत पेशंटच्या तोंडात अडकलेली, आणि दारातून मला दिसलं की ते टाकीपुढे वाकले आहेत. तिरका दात त्यांनी लगेच ओळखला. मी मनातल्या मनात वहिनींची माफी मागून घेतली. त्यांनी काचेला नाक लावून दाढांपर्यंत सगळं तपासलं. मग बाईंना म्हणाले, "हा एवढासा प्राणी, तो जेवतोय की हिच्यावर."

दुसऱ्या दिवशी आले ते कवळी मागायला. आपली वस्तू दुसरा वापरतो म्हटल्यावर खात्यातला जुना माणूस जागा झाला. खाऱ्या पाण्यातली पुन्हा तोंडात घालता येणार नाही, नवी करून देते, असं म्हणून मी वेळ मारून नेली. नवी दिली. त्यांनी आरसासुद्धा बघितला नाही. टाकीपुढची खुर्ची ओढली, डबा उघडला आणि माशाने पहिला घास घेतल्यावर स्वतःचा घेतला. तेव्हापासून रोज दुपारी येतात. एका बाजूला जावईबापू, दुसऱ्या बाजूला हे, मध्ये काच. चांगली चावून भाकरी खातात आणि माशाला सावकाश खायला सांगतात. कॉलर पुन्हा मानेला लागली आहे.

असो. बाहेर एक अक्कलदाढ ताटकळली आहे. वहिनींना नमस्कार, मुलांना गोड पापे, आणि दोघांचे दात स्वतः तपासून कळव, त्यांच्या शब्दावर जाऊ नकोस.

तुझ्या दोन्ही ठेवींची राखणदार,
धाकटी

ता.क. सासरे सगळ्यांना सांगतात की आता कुठे माझं माप बरोबर आलं. नवी कवळी मी जुन्याच साच्यावर केली आहे, केसभरही फरक नाही. हे त्यांना सांगशील तर तुझी पुढची दाढ भूल न देता काढीन.

ता.क. २. सुट्टीत येऊन टाकी घेऊन जाणार असं तू म्हणालास. एवढ्या तक्रारी वाचून मी आनंदाने देईन असंच तुला वाटलं असेल. मासा मिळणार नाही. हे पत्र खरं तर एवढ्यासाठीच होतं.

ता.क. ३. तू वाद घालशील म्हणून सासऱ्यांना विचारून घेतलं. त्यांनी आधी तोंडातला घास नीट चावून संपवला. मग म्हणाले, "त्याला सांग, एक जावई लांब गेला तेवढं पुरे. हा राहू दे."