मांडवीच्या पावभट्टीची निरवानिरव

मी, तबिथा शमुवेल रणपिसे, वय ७३, धंदा पावाची भट्टी, राहणार मांडवी, रत्नागिरी, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत व राजीखुशीने लिहून ठेवते. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. दडपण कोणाचेही नाही. मला दडपणारा माणूस मांडवीत अजून जन्माला यायचा आहे.

१. राहते घर व मागची हापूसची कलमे मुलगा दानियेल यास. तो मुंबईस नोकरी करतो. त्याला घर विकायचे झाल्यास खुशाल विकावे.

२. भट्टी, तिच्याखालची जागा व पीठ मळायची काथवट तुळसा धोंडू पाष्टे हिला. माझे यजमान शमुवेल गेल्यापासून ती माझ्यासोबत भट्टीवर उभी आहे. हे दानियेलला सांगायला मी फार भीत होते. शेवटी फोनवर बोलले, तर तो म्हणाला, "आई, तुळसामावशी नसती तर भट्टी कधीच थंड झाली असती. तिलाच दे." त्या दिवशी मी दुपारी गाढ झोपले. भट्टीवाल्या बाईला अशी झोप क्वचितच लागते.

३. पाव भट्टीत सारायची लांब दांड्याची फळी मी कोणालाही देऊ शकत नाही, कारण ती माझी नाही. याचा खुलासा आवश्यक आहे.

शमुवेलच्या माघारी वर्षभरातच वादळाने धुराडे कोसळले. पाव एका बाजूने करपू लागले, गिऱ्हाईक तुटले. मी हरले होते. चर्चमध्ये कापणीचा सण होता. सगळ्यांनी वेदीपुढे तांदूळ, भोपळे, नारळ आणून ठेवले. मी ही फळी ठेवली आणि मनात म्हटले, "प्रभू, घे तुझी भट्टी. माझ्याने होत नाही." फळी तिथेच टाकून घरी जायचे, असे ठरवले होते. पण आमच्याकडे उपासनेनंतर त्या वस्तूंचा लिलाव होतो, आणि घेणारा वस्तू परत देतो, म्हणजे पुन्हा बोली लागून देवाच्या कामाला भर पडते. मंडळींना वाटले, मीही फळी त्यासाठीच आणली. फळी विकली गेली, परत आली, पुन्हा विकली गेली. शेवटची बोली आमच्याच चर्चच्या याकोब मास्तरांची. त्यांनी ती माझ्या हातात आणून दिली.

"तबिथाबाय, ही आता देवाची झाली. तुमी नुसती चालवायची. सोडायचा हक्क तुमाला नाय."

मी तिथेच रडले. लहानपणापासून प्रार्थनेत रोजची भाकर मागत आले, पण ती फक्त आजची मागायची असते हे तेव्हा उमगले. मी पुढच्या सगळ्या वर्षांची काळजी एकदम उचलत होते. तेव्हापासून पहाटे एवढेच मागते: आजची भट्टी पेटू दे. प्रभूने ते कधी नाकारले नाही. धुराडे पुढे मंडळींनीच बांधून दिले.

तुळसा देवळात जाते, मी चर्चमध्ये. तिने फळी चालवावी. "काकी, माज्या हातून देवाची वस्तू मोडली तं?" असे ती विचारते. मोडल्यास सुताराकडून नवा दांडा बसवावा.

४. सदर याकोब मास्तरांनी शमुवेलच्या मयताच्या दिवशीच "बाईमाणसाच्यान भट्टी व्हायची नाय" असे म्हटले होते. ते मी विसरलेले नाही, माफ मात्र केले आहे. त्यांना हयातभर रोज दोन कडक पाव फुकट द्यावेत. दात नाहीत हे मला ठाऊक आहे. चहात बुडवून खातील.

५. माझ्या दफनाच्या दिवशी तुळसाने नेहमीप्रमाणे भट्टी पेटवावी. घरात मयत असताना चूल पेटवत नाहीत, लोक नावे ठेवतील, ठेवू देत. मला मातीआड करून परतलेली माणसे भुकेली असतील.

वरील मजकूर वाचून, समजून, साक्षीदारांसमोर सही केली.

सही: तबिथा शमुवेल रणपिसे

साक्षीदार:
१. सदानंद ऊर्फ सदू रामा भाटकर, शेजारी
२. सोनूबाई विठ्ठल मयेकर, निवृत्त परिचारिका

ठिकाण: मांडवी, रत्नागिरी
दिनांक: २२ नोव्हेंबर २०२५