जड लॅपटॉप

मलकापूर, मंगळवार

एक किलोच्या लॅपटॉपला एवढा जाडजूड चार्जर असावा, हे तर्कशास्त्राच्या कोणत्याच प्रमाणात बसत नाही. दुकानात मी तसा निवाडाही देऊन टाकला. लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर बातमी लिहून तिचा फोटो पाठवायची माझी पद्धत दैनिकाच्या कार्यालयाने बंद केली, म्हणून ही खरेदी.

दुकानदाराने सगळ्यांत छोटा पुढे केला. "सर, यष्टीत मांडीवर ठेवून बातमी लिवता येते."

"जड आहे," मी म्हणालो.

सोबत आलेली बायको सुधा हसली. "अहो, दळणाचा डबा एका हातानं आणता तुमी. अन् हा जड लागते तुमाले?"

मग त्याने मोठ्या पडद्याचा काढला, दुप्पट वजनाचा. तो मी लगेच पसंत केला. दुकानदार गोंधळला.

जड काऊन म्हणालो मी? छोट्यावरची अक्षरं दिसत नव्हती, एवढंच. खरं तर मोठ्यावरचीही पुसटच होती. नवा चष्मा लागून दोनच महिने झालेत. डोळे असेच अधू होत गेले तर बातम्या लिहिणं सुटेल, याची मला भीती वाटते. सुधाला अजून सांगितलेलं नाही.